दाजींचं विमान आणि आण्णांची मूठ

माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा एक फोटो आमच्या सोप्यात टांगलेला आहे. त्यात राजमतीआक्का आहे, तिची सासू आहे, दोन चुलत सासरे आहेत, अक्षतांचं ताट घेतलेली कुणीतरी बाई आहे. नवरा नाही. फोटोग्राफरला उजेड कमी पडत होता, म्हणून त्यानं जवळ उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "एवढी गॅसबत्ती धरता का जरा?" जवळ उभा असलेला माणूस नवरदेव होता. त्यानं बाशिंग सावरलं आणि बत्ती धरली. फोटोत डावीकडून जो उजेड पडलाय, तो आमच्या दाजींचा.

दाजी म्हणजे धन्यकुमार. सांगलीच्या हळदपेठेत कल्लाप्पाआण्णांच्या अडतीवर दिवाणजी. नात्यानं मान द्यावा लागतो म्हणून मी त्यांना अहो-जाहो करतो; माझ्या मर्जीवर असतं तर केलं नसतं. पेठेत त्यांना सगळे भला माणूस म्हणायचे. मला हा शब्द ऐकला की डोकं उठायचं. माझं कापडपेठेत दुकान आहे. दिवसातून कितीतरी वेळा मला गिऱ्हाइकाला म्हणावं लागतं, "नाही, या भावात बसत नाही." गिऱ्हाईक रुसतं, चहा पितं, आणि पुढच्या सणाला परत येतं. नाही म्हटल्यानं कुणी मरत नाही. दाजींना हे कुणी लहानपणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

एका सणाला त्यांना तीन घरांनी जेवायला बोलावलं, तर हा गृहस्थ तिन्ही घरी जेवला आणि मग दोन दिवस आमच्या आक्कानं त्यांना ताकावर ठेवलं. तासगावचा एक बेदाणेवाला होता. न खपलेला माल घेऊन तो सरळ दाजींकडे यायचा आणि म्हणायचा, "एवढा डाग ठेवून घ्या की दिवाणजी." दाजी ते पोतं ठेवून घ्यायचे. खपवणं त्यांना यायचं नाही, कारण खपवायला दुसऱ्याला गळ घालावी लागते. मग आक्काच्या घरी भातात बेदाणे, आमटीत बेदाणे, एकदा तर मी झुणक्यात बेदाणे खाल्ले. आक्का वाढताना माझ्याकडे बघायची नाही. तिला माहीत होतं मी काहीतरी बोलेन म्हणून.

अशा माणसानं विमान करावं, हा खरा विनोद. कारण विमानाला भीड नसते. माणसं आग्रहानं खाली बसतात, विमान आग्रहानं वर राहत नाही.

कॉलेजात असताना दाजी एन.सी.सी.च्या हवाई शाखेत होते. तिथं त्यांना लाकडाची छोटी विमानं करायचा नाद लागला. पुढं इंटरला गाडी अडली, बाप गेला, आणि ते हळदीच्या पोत्यांत येऊन बसले. नाद मात्र सुटला नाही. पुण्याच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी एक इंग्रजी मासिक आणलं होतं, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचं. त्यात एका विमानाचा नकाशा होता. चौकोनी पोट, सहा फुटी पंख, पाटाएवढी शेपटी. मी म्हटलं, "दाजी, जगात जेट उडायला लागली आणि तुम्ही हे बैलगाडीच्या जमान्यातलं काय करताय?"

"जुनी विमानं सोताहून उडत्यात," दाजी म्हणाले. "त्येंला वडायला लागत न्हाई. आपुन निसती वाट दावायची."

विमानाविषयी बोलताना हा माणूस एकदम नीट बोलायचा. तेवढंच एक.

पांगाऱ्याचं लाकूड, बांबूच्या कामट्या, आणि काही पट्ट्या परदेशातल्या हलक्या लाकडाच्या. पंखांवर मढवायला रेशीम माझ्या दुकानातलं. पैसे मी मागितले नाहीत, आणि दाजींनी विचारलेही नाहीत. विचारले असते तर मी घेतले असते. इंजिन अंगठ्याएवढं. ते घासलेट, एरंडेल आणि ईथर यांच्या मिश्रणावर चालायचं. ईथर एका ओळखीच्या डॉक्टरकडून यायचं. आक्काचं सगळं घर दवाखान्यासारखं दरवळायचं.

खरी मौल्यवान वस्तू होती ती विमान जमिनीवरून वळवायचा रेडिओ. दाजींचा कॉलेजातला एक दोस्त विलायतेत नोकरीला होता, त्यानं येताना आणली. हातात धरायची एक पत्र्याची पेटी, तिला लांब काठी, आणि विमानाच्या पोटात बसणारा काडेपेट्यांच्या पुड्यासारखा दुसरा भाग. पोस्ट-तार खात्याकडून त्याचं लायसन यायला इतके दिवस लागले, की तेवढ्यात चीनची लढाई होऊन गेली. अशी पेटी सांगलीत दुसरी नव्हती, आणि मोडली तर दुसरी मिळणार नव्हती. मला वाटलं, एवढ्या पेटीतून काय काय होत असेल! तर तिच्यावर एकच बटण. दाबलं की शेपटीवरची उभी फळी डावीकडे वळायची. सोडलं की सरळ. पुन्हा दाबलं की उजवीकडे. संपलं. वर नाही, खाली नाही, इंजिन बंद करणं नाही. तेल संपलं की ते आपोआप थांबायचं आणि मग विमान तरंगत खाली यायचं. म्हणजे विमान मुळातच समतोल उडणारं हवं. ते नसेल तर बटण दाबून बोट झिजलं तरी उपयोग नाही.

तो समतोल साधायला दाजी कवलापूरच्या माळावर जायचे. तिथं संस्थानाच्या काळातली जुनी धावपट्टी आहे. रविवारी सकाळी, वारं सुटायच्या आधी. विमानाचं पोट दाजींच्या सायकलला बांधलेलं, आणि पंख घेऊन आक्का एस.टी.नं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले सहा फुटी पंख मांडीवर आडवे, त्यांचं एक टोक पुढच्या बाकावरच्या माणसाच्या कानाशी. कंडक्टर विचारायचा, "ह्येचं अर्धं तिकीट फाडू का वैनी?" आणि सगळी गाडी हसायची. आक्का तोंड खिडकीकडे करून बसायची. त्या वेळी सांगलीतल्या जैनाच्या घरातली लग्न झालेली बाई पंख घेऊन एस.टी.त बसते, ही गोष्ट आमच्या आईला शेवटपर्यंत पचली नाही.

विमान फेकायचं काम आक्काचं. कारण दाजींच्या हातात पेटी. आधी इंजिन न लावता, नुसतं उंच गवतात फेकून बघायचं. पदर खोचून आक्का चार पावलं पळायची आणि विमान हातातून सोडायची. फेकायची नाही, सोडायची. हात कुठंही हिसडत नसे. विमान नाक वर करून थबकलं आणि धपकन बसलं, की दाजी नाकात शिशाचा तुकडा घालायचे. नाक खाली घालून सरळ मातीत गेलं, की शेपटीखाली लाकडाची पातळ कपची सरकवायचे. एका पंखाला पीळ आला होता, तो त्यांनी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून सरळ केला. मग पुन्हा आक्का पळायची. पुन्हा सोडायची. पुन्हा गवतातून उचलून आणायची. लुगड्याला कुसळं, पायात काटे. बिराप्पा नावाचा धनगर तिथं मेंढरं चारायचा. तो काठीवर हनुवटी टेकून बघत राहायचा.

"आवं बाई," तो एकदा म्हणाला, "त्ये उडत न्हाई म्हनतंय, तर तुमी का म्हागं लागलायसा?"

"उडंल की," आक्का म्हणाली, "त्येला अजून आपलं वजन कळंना झालंय."

मी एक-दोनदा गेलो होतो, थट्टा करायला. खरं सांगतो, ज्या दिवशी इंजिन लावून ते पहिल्यांदा वर गेलं, त्या दिवशी माझी थट्टा जिरली. माळावर दव होतं. आक्कानं सोडलं, आणि ते जुनं, पोटाळ, बोजड विमान माझ्या डोक्यावरून असं शांतपणे चढत गेलं, की जणू खाली आपल्याला आवडलं नाही म्हणून निघालंय. दाजींनी बटण दाबलं. विमान डावीकडं झुकलं, मोठं वर्तुळ घेतलं. इंजिन थांबल्यावर तर ते इतकं सावकाश खाली आलं, की बिराप्पाची मेंढरंसुद्धा चरायची थांबली. दाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. आक्का हसत होती. लग्नानंतर मी तिला तशी हसताना पाहिलेली नव्हती. त्या सकाळी मी मनातल्या मनात दाजींचे बरेच अपराध माफ केले. नसते केले तर बरं झालं असतं.

पुढच्या माघात कृष्णाकाठच्या एका गावी पंचकल्याणक पूजा निघाली. आमच्यात अशा पूजेत निरनिराळे मान असतात, आणि ते सवालात घेतात. म्हणजे लोकांसमोर बोली होते, ज्याची बोली वर त्याला मान. जन्मकल्याणकाच्या, म्हणजे तीर्थंकरांच्या जन्मसोहळ्याच्या दिवशी पुष्पवृष्टी करायचा मान कल्लाप्पाआण्णांनी घेतला. आता पुष्पवृष्टी म्हणजे चार माणसांनी मचाणावर चढून फुलं टाकायची, असं चालत आलेलं. पण आण्णांच्या पदरी विमानवाला होता. आण्णांनी अडतीवर सगळ्यांदेखत हाक मारली, "धन्या, औंदा फुलं तुझ्या विमानातनं टाकायची."

"व्हय आण्णा," दाजी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

कल्लाप्पाआण्णांविषयी मला काही राग नाही. मोठा आवाज, मोठं पोट, रेशमी पटका. दिलदार माणूस. फक्त त्यांना कुणी कधी अडवलं नव्हतं, त्यामुळे आपण कुठं अडायला पाहिजे हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो दोष त्यांच्यापेक्षा त्यांच्याभोवतीच्या दाजींसारख्या माणसांचा.

मग दाजी कामाला लागले. पंखांच्या बरोबर खाली, जिथं विमानाचा तोल असतो तिथं, त्यांनी पातळ फळ्यांची पेटी बसवली. पेटीच्या तळाला झाकण, झाकण दोऱ्यानं बांधलेलं, आणि दोऱ्याशी पत्र्याच्या नळीत उदबत्तीचा तुकडा. उदबत्ती जळत आली की दोरा तुटणार, झाकण उघडणार, फुलं पडणार. तोवर विमान वळवत मांडवावर आणायचं. माळावर त्यांनी ते करूनही दाखवलं. वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या बिराप्पाच्या मेंढरांवर पडल्या आणि मेंढरांनी खाऊन टाकल्या. सगळं जमलं होतं. एकच अट होती.

"पेटीत किती बी भरा, फार बिघडत न्हाई," दाजींनी आम्हांला समजावलं. "पर पेटीच्या म्हागं काय जाता कामा नये. शेपटीकडं चार सुपाऱ्यांएवढं वजन गेलं, तरी नाक वर करंल, जाग्यावर थांबंल आन पडंल. बटण दाबून उपेग न्हाई."

"हे आण्णांना सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगतो की."

"आजच सांगा."

"सांगतो म्हणलं न्हवं?"

पूजेला आठवडा होता. दाजी रोज आण्णांच्या समोर बसत होते. आण्णांचा चहा पीत होते. त्यांनी ही अट मला सांगितली, आक्काला सांगितली, बिराप्पाला सांगितली, माझ्या दुकानातल्या गड्यालाही सांगितली. आण्णा सोडून सबंध सांगलीला माहीत होतं की शेपटीत काही टाकायचं नाही. मी आक्काला म्हटलं, "हा माणूस सांगणार नाही." आक्का म्हणाली, "विमानाचं तरी सांगतील. त्येंचा जीव हाय त्यात." तिला खरंच तसं वाटत होतं.

पूजेच्या दिवशी नदीकाठच्या मैदानात माणसांची दाटी. मोठा मांडव, लाउडस्पीकर, हत्ती, पलीकडे स्वयंपाकाचे चर. विमान एका पाटावर ठेवलेलं. त्याला कुणीतरी हळदकुंकू लावलं होतं, तेवढं चालण्यासारखं होतं. दाजी पांढऱ्या टोपीत, रेडिओच्या पेटीची काठी वर काढून उभे. आक्का नव्या लुगड्याचा पदर खोचून विमानापाशी.

आण्णा पितळी परात घेऊन आले. झेंडू, शेवंती, गुलाबाच्या पाकळ्या, वर गंधाचं पाणी शिंपडलेलं. ओली फुलं जड असतात, पण दाजींनी तेवढं धरलं होतं. आण्णांनी ओंजळीनं पेटी भरली. पेटी काठोकाठ झाली. दाजींनी झाकण लावायला हात पुढं केला.

आता आमच्या पेठेतली गोष्ट सांगायला हवी. हळद असो, गूळ असो, शेंगा असोत, तराजूचा काटा बरोबर मध्ये आला म्हणजे माप पुरं झालं असं आमच्याकडे कुणी समजत नाही. वर एक मूठ टाकावी लागते. ती मूठ टाकली नाही तर देणारा कद्रू, घेणारा नाराज. कल्लाप्पाआण्णांचा जन्म त्या मुठीत गेला होता. देवाच्या कामात माप काठोकाठ देऊन थांबणं त्यांच्या हाताला शक्यच नव्हतं. त्यांनी परातीतली मोठी ओली मूठ उचलली, पेटीत जागा नाही हे बघितलं, आणि पेटीच्या मागं विमानाच्या पोटात जी पोकळी होती, तिच्यात ती मूठ कोंबली. वर अंगठ्यानं दाबली.

"आण्णा..." दाजी म्हणाले.

"काय रं?"

मी दाजींच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ उघडलेले होते. एवढंच म्हणायचं होतं की मागं नको. चार अक्षरं. तीन वर्षांचं काम, विलायतेची पेटी, बायकोच्या पायातले काटे, सगळं त्या चार अक्षरांवर अडलेलं.

"काय न्हाई," दाजी म्हणाले.

तेव्हा आक्का बोलली. सासरच्या, पेठेच्या, गावच्या शेकडो माणसांत, डोक्यावर पदर घेऊन, पण स्पष्ट. "आण्णा, तेवढी मूठ काढते मी. शेपूट जड हुतंय. विमान पडंल." आणि तिनं हात घालून ती मूठ काढली आणि परातीत ठेवली.

आण्णांनी भुवया वर केल्या. मला वाटलं आता भडकतात. पण आण्णा तसे नव्हते. ते दाजींकडे वळले आणि म्हणाले, "पडत आसंल तर ऱ्हाऊ दे. फुलं काय, हितनं बी टाकता येत्यात."

झालं होतं सगळं! नाही म्हणायचंसुद्धा उरलं नव्हतं. बायकोनं म्हटलं होतं, मालकानं ऐकलं होतं. आमच्या दाजींनी नुसतं मान हलवून झाकण लावायचं होतं. ते त्यांच्यानं झालं नाही. आण्णांचा शब्द खाली पडला, मान कमी झाला, आपल्या बायकोमुळं झाला, या विचारानं त्यांना घाम फुटला होता. त्यांनी परातीतली मूठ उचलली आणि स्वतःच्या हातानं पोकळीत परत घातली.

"न्हाई न्हाई आण्णा, तिला काय कळतंय त्यातलं? तुमची मूठ हाय, जाऊ द्या संगं."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिली. तिला कळत होतं, त्यांनाही कळत होतं की तिला कळतंय. उदबत्ती पेटवली. इंजिन सुरू झालं. लाउडस्पीकरवर कुणीतरी विमानाची थोरवी सांगत होता. आक्कानं विमान उचललं. मागचा भाग तिच्या हातात खाली ओढत होता, मला दिसत होतं.

"सोडू?" तिनं विचारलं.

"सोड," दाजी म्हणाले.

तिनं सोडलं, माळावर सोडायची तसंच. तिच्या हातात काही कसूर नव्हती. विमान चढलं, आणि चढताना नाक वर करत गेलं, वर करत गेलं, इतकं की नुसतं पोट दिसायला लागलं. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असंच असतं. मग ते हवेत थांबलं. दाजी बटण दाबत होते, सोडत होते. एक पंख खाली गेला आणि विमान फिरत, नाक खाली घालून, मांडवाच्या पलीकडे स्वयंपाकाच्या बाजूला पडलं. तिथं भामाबाई नावाची म्हातारी राखेनं भांडी घाशीत बसली होती. तिच्या पुढ्यातल्या खरकट्या पातेल्यांवर कल्लाप्पाआण्णांची सगळी पुष्पवृष्टी झाली.

"कुणी वं ही फुलं टाकली?" ती ओरडली.

आम्ही धावत गेलो. एक पंख मोडून रेशीम फाटलेलं, इंजिन राखेत रुतलेलं. आण्णा धापा टाकत आले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, दुःख होतं. ते वाकले, मोडक्या शेपटीतली ती ओली फुलांची मूठ त्यांनी बघितली, आणि अगदी सरळ मनानं विचारलं, "धन्या, माझ्या मुठीनं तर न्हाई न्हवं झालं?"

तिसरी संधी होती ही. देव एवढ्या संधी कुणाला देत नाही. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं, आणि 'व्हय' तर हा माणूस जन्मभर म्हणत आला होता.

"छ्या छ्या, आण्णा! तुमच्या मुठीचं काय?" दाजी म्हणाले. "ऐन टायमाला बाईमाणसानं टोकलं. शुभकार्यात आडवं बोलली. त्येनं झालं."

आजूबाजूच्या माणसांनी माना डोलावल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग आक्काकडे. आण्णांनी सुस्कारा सोडला. त्यांचा जीव भांड्यात पडला हे उघड दिसलं, आणि ते म्हणाले, "जाऊ दे. दुसरं बांध. मी हाय."

मला त्या माणसाची किळस आली. मारावंसं वाटलं असतं तर बरं, पण मारावं एवढीही त्यांची किंमत वाटेना. ज्या बाईनं तीन वर्षं काटे तुडवले, जी एकटीच त्यांच्या विमानासाठी तोंड उघडून बोलली, तिला त्यांनी चव्हाट्यावर अपशकुनी केली. कशासाठी? तर एका श्रीमंत माणसाला घटकाभर वाईट वाटू नये म्हणून. आणि त्या श्रीमंत माणसाची तर वाईट वाटून घ्यायची तयारी होती! याला लोक भलेपणा म्हणतात. मी भित्रेपणासुद्धा म्हणणार नाही. भित्रा माणूस निदान स्वतःला तरी वाचवतो.

भामाबाईच्या बादलीत आक्कानं हाताचं एरंडेल धुतलं, खोचलेला पदर सोडला, डोक्यावरून घेतला आणि बायकांच्या बाजूला जाऊन बसली. तुकडे दाजींनी एकट्यानं गोळा केले. दरवेळी गवतातून विमान उचलून आणणारी ती असायची, त्यामुळे त्यांना ते नीट धरता येत नव्हते. त्या महिन्यात हळदीकुंकवाची दोन बोलावणी आक्काच्या शेजारणींना आली, तिला आली नाहीत. पुढं ते विसरलं गेलं. लोक विसरतात. लोकांना काय!

रेडिओ वाचला होता. आण्णांनी शब्द पाळला, लागेल ते सामान आणून दिलं. दाजी पुन्हा संध्याकाळी पांगाऱ्याच्या पट्ट्या तासत बसू लागले. रेशीम मागायला माझ्याकडे आले, मी संपलंय म्हणून सांगितलं. मागं कपाटात ठाणं रचलेलं त्यांना दिसत होतं. त्यांनी दुसरीकडून आणलं.

दिवाळीनंतर विमान तयार झालं. नवीन पंख, म्हणजे समतोल पुन्हा पहिल्यापासून साधायचा. ते अडतीवरच्या गुंडा हमालाला घेऊन माळावर गेले. गुंडाचा हात पोतं फेकण्याचा. त्यानं पहिल्याच खेपेला विमान बाभळीत घातलं. नशीब, थोडक्यात निभावलं. मग एका शेजाऱ्याला नेलं. तो विमान सोडायच्या आधीच घाबरून डोळे मिटायचा. दाजी पेटी खाली ठेवून स्वतः फेकायचे, आणि विमान कसं जातंय हे बघायला मान वर करायचे, तर तोवर ते पडलेलं असायचं. बिराप्पानं विचारलं म्हणे, "बाई कुटं हायत?" दाजींनी काय सांगितलं कोण जाणे.

एका शनिवारी मी आक्काकडे गेलो होतो. ती सोप्यात बसून ज्वारीचं पीठ चाळत होती. दाजी आले. माझ्याकडे बघून हसले, मी हसलो नाही. ते बराच वेळ खांबापाशी रेंगाळले.

"उद्या कवलापूरला जायाचं म्हणतोय," ते म्हणाले. "वारं न्हाई दोन दिस. तू आलीस तर बरं हुईल."

आक्का चाळत राहिली.

"पंख सायकलवर मीच बांधीन," दाजी म्हणाले. "तुला एस.टी.त घिऊन जायाला नको. तू निसतं सोडायचं. तुझ्यासारखं कुणाला जमंना झालंय."

"न्हाई," आक्का म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. मान वर करूनही तिनं बघितलं नाही. मी इतकी वर्षं तिच्या तोंडून हा शब्द यायची वाट बघत होतो. आल्यावर मात्र मला आनंद झाला नाही. तिच्यासाठी वाईट वाटलं. त्या माळावर ती एकदा हसली होती, आणि आता ती तिथं जाणार नव्हती.

दाजी तिथंच उभे राहिले. आधी मला कळेना ते कशासाठी थांबलेत. मग कळलं. आयुष्यात त्यांच्या मनात जेव्हा जेव्हा नाही आलं होतं, तेव्हा समोरचा माणूस असाच थोडा वेळ नुसता उभा राहिला होता, आणि नाहीचं हो झालं होतं. सगळ्यांचं तसंच होत असेल, असं त्यांना वाटत होतं. आक्कानं उरलेलं पीठ चाळलं, कोंडा वेगळा काढला, चाळणी ताटावर आपटून झटकली, आणि ताट उचलून ती आत गेली.